ट्रेकची सॅक, विमानाचे नियम आणि दोन साधे प्रश्न

ज्यांना हा भाग कानात हेडफोन घालून ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा ज्यांनी ऐकला पण बॅग भरताना पुन्हा एकदा बघायचंय, त्यांच्यासाठी हा लिहून काढलेला भाग. बोलताना जे ‘अं... म्हणजे...’ होतं ते काढून टाकलंय, बाकी गप्पा त्याच.

आजचा विषय आहे ट्रेकचं सामान विमानातून न्यायचं कसं. सह्याद्रीत ट्रेक करताना हा प्रश्न येतच नाही. शुक्रवारी रात्री एसटी किंवा लोकल पकडायची, सॅकमध्ये काय भरलंय ते कुणी विचारत नाही. पण हिमालयात जायचं ठरलं की दोन-दोन दिवस ट्रेनमध्ये घालवण्याइतकी सुट्टी नसते. मग पुणे किंवा मुंबईहून विमान. आणि तिथे आपली लाडकी सॅक एकदम संशयित होते.

आधी माझी फजिती सांगतो. त्यातून सगळं समजेल.

लेहला सॅक आलीच नाही

आम्ही पाच जण लडाखमध्ये मारखा व्हॅलीचा ट्रेक करायला निघालो होतो. पुण्याहून दिल्ली, दिल्लीहून लेह. सामान भरायची जबाबदारी माझी, कारण ग्रुपमध्ये सगळ्यात जास्त ट्रेक मी केलेले. ‘मला सगळं माहितीये’ हा आजार मला तेव्हा होता.

मी काय केलं, तर एक ‘कॉमन’ सॅक भरली. तिच्यात गॅसचा छोटा कॅन, स्टोव्ह, दोरी, सगळ्यांची औषधं एकत्र, आणि वरती जागा उरली म्हणून माझी पॉवर बँक. सायलीला दमा आहे. तिने तिचा इनहेलर माझ्या हातात दिला आणि म्हणाली, ‘हा नीट ठेव हं.’ मी तो अगदी नीट, औषधांच्या डब्यात, त्याच सॅकमध्ये ठेवला. सॅकला नंबरचं कुलूप लावलं आणि चेक-इनला दिली.

आता चेक-इनला दिलेली बॅग काउंटरच्या मागे गेली की एक्स-रे मशीनमधून जाते. तिथे पॉवर बँक दिसली, गॅसचा कॅन दिसला. त्यांनी बॅग बाजूला काढली आणि मला फोन केला. मी? फोन सायलेंटवर टाकून सँडविच खात होतो. बॅग मागे राहिली, आम्ही पुढे गेलो.

लेहच्या बेल्टवर चार सॅक आल्या. पाचवी आली नाही. लेह शहर साधारण ३,५०० मीटरवर आहे. विमानातून उतरल्यावर पहिल्याच दिवशी जिना चढताना धाप लागते, ज्यांना काही आजार नाही त्यांनासुद्धा. आणि जिला दमा आहे तिचा इनहेलर पुण्यात होता.

संध्याकाळी सायलीची छाती भरायला लागली. तिने कुणाला बोल लावला नाही, फक्त भिंतीला टेकून हळूहळू श्वास घेत बसली. ते मला अजून आठवतं. ओंकार आणि मी बाजारात धावलो. धावलो म्हणजे काय, त्या उंचीवर जेवढं चालता येतं तेवढं चाललो. दुसऱ्या मेडिकलमध्ये तोच इनहेलर मिळाला. अर्ध्या तासात तिला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी विमान कंपनीचा फोन आला. कुलपाचा नंबर विचारून, माझ्या परवानगीने त्यांनी सॅक उघडली, गॅस आणि पॉवर बँक काढून घेतली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी सॅक पाठवली. कंपनीचं नाव मी घेत नाहीये, कारण चूक कंपनीची नव्हतीच. शंभर टक्के माझी होती. लेहला हवामानाची सवय व्हावी म्हणून दोन दिवस थांबायचंच होतं, म्हणून ट्रेक वाचला. पण ती संध्याकाळ काही विसरत नाही.

लांबलचक यादीऐवजी दोन प्रश्न

घरी आल्यावर मी सगळे नियम वाचून काढले. भारतात विमानतळावरच्या सुरक्षेचे नियम नागरी विमान सुरक्षा ब्युरो ठरवतो, त्याला आपण बीसीएएस म्हणतो. विमानात धोकादायक वस्तू कोणत्या, हे डीजीसीए बघतं, आणि ते नियम मुळात आंतरराष्ट्रीय नियमांवर बेतलेले असतात. यादी लांब आहे. पाठ होत नाही. पण वाचता वाचता लक्षात आलं की बहुतेक सगळे नियम दोनच भीतींमधून आलेत.

पहिला प्रश्न: ही वस्तू पेटू शकते का?
दुसरा प्रश्न: ही वस्तू कुणाला इजा करायला वापरता येईल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल, तर वस्तू केबिनमध्ये नको, चेक-इनमध्ये टाका. सोपं आहे.

पहिल्याचं उत्तर ‘हो’ असेल, तर पुढे अजून एक उपप्रश्न: ती बॅटरी आहे की इंधन? बॅटरी असेल तर केबिनमध्ये, स्वतःजवळ. इंधन किंवा दाबाखालचा गॅस असेल तर घरी. कुठेच नाही.

झालं. आता एकेक वस्तू घेऊ.

पॉवर बँक: चेक-इनमध्ये का नाही?

मला आधी वाटायचं, धोकादायक आहे तर ती माणसांपासून लांब, खाली सामानात ठेवायला पाहिजे ना? उलटं का?

कारण असं. लिथियम बॅटरीत आतून बिघाड झाला की ती स्वतःच तापत जाते. एक सेल तापला की शेजारचा तापतो, आणि हे थांबत नाही. याला थर्मल रनअवे म्हणतात. हे केबिनमध्ये झालं तर धूर लगेच दिसतो, क्रू पाणी ओततो, बॅटरी थंड करतो. तेच खाली कार्गोमध्ये झालं तर कुणी तिथे जाऊ शकत नाही. तिथे आग विझवायचा वायू सोडायची सोय असते, पण तो ज्वाळा दाबतो, बॅटरीच्या आतलं तापणं थांबवू शकत नाही.

हे नुसतं पुस्तकी नाही बरं का. सप्टेंबर २०१० मध्ये दुबईजवळ एक मालवाहू विमान पडलं, त्यात लिथियम बॅटऱ्यांचा माल होता आणि आग तिथेच लागली होती. दोन्ही वैमानिक गेले. अगदी अलीकडचं उदाहरण म्हणजे २८ जानेवारी २०२५. दक्षिण कोरियात बुसानच्या विमानतळावर उड्डाणाआधी उभ्या असलेल्या विमानाला आग लागली. सुरुवात डोक्यावरच्या सामानाच्या कप्प्यातून झाली आणि संशय पॉवर बँकेवर आला. १७६ जण बाहेर पडले म्हणून बरं. त्यानंतर १ मार्च २०२५ पासून कोरियाने पॉवर बँक वरच्या कप्प्यात ठेवायलाच बंदी केली. जवळ ठेवा, डोळ्यांसमोर ठेवा.

आता हिशोब. मर्यादा एमएएचमध्ये नसते, वॉट-अवरमध्ये असते. सूत्र सोपं: एमएएच भागिले १०००, गुणिले ३.७.

- १०,००० एमएएच म्हणजे ३७ वॉट-अवर.
- २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॉट-अवर.
- ३०,००० एमएएच म्हणजे १११ वॉट-अवर.

१०० वॉट-अवरपर्यंत चालतं. १०० ते १६० च्या मध्ये असेल तर विमान कंपनीची आधी परवानगी लागते. १६० च्या वर प्रवाशाला नेताच येत नाही. म्हणजे ‘दहा दिवस चार्जिंग मिळणार नाही’ म्हणून ३०,००० ची एक मोठी वीट घेण्यापेक्षा १०,००० च्या दोन घ्या. एक बिघडली तरी दुसरी आहे, आणि ओझं दोघांत वाटता येतं. किती पॉवर बँक चालतात ते मात्र तुमच्या कंपनीच्या पानावर बघून घ्या.

आणखी तीन गोष्टी. पॉवर बँकेवरचा छापील आकडा पुसला गेला असेल तर सिक्युरिटीला ती किती क्षमतेची आहे कळायला मार्ग नाही, ती अडवली जाऊ शकते. सुटे सेल, कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या वगैरे वेगवेगळ्या पिशवीत ठेवा किंवा टोकांना चिकटपट्टी लावा, नाण्याला-किल्लीला टेकून शॉर्ट व्हायला नकोत. आणि विमानात बसून पॉवर बँकेने फोन चार्ज करू नका, बऱ्याच कंपन्यांनी त्यावर बंदी आणली आहे. फोन आधीच फुल करून घ्या.

चार्ज होणारा हेडटॉर्चसुद्धा केबिनच्याच बॅगेत टाका. बटण चुकून दाबलं जाऊन तो आत पेटत राहतो, तेव्हा तो लॉक करा किंवा सेल काढून ठेवा.

गॅसचा कॅन: नवा नाही, अर्धा नाही, रिकामासुद्धा नाही

स्टोव्हवर फिरवून लावायचा तो छोटा कॅन असतो ना, त्यात ब्युटेन-प्रोपेन असतं. तो केबिनमध्ये नाही आणि चेक-इनमध्येही नाही. ‘पण अर्धाच आहे’, ‘पण संपलाय’ असं सांगून उपयोग नाही. संपलेल्या कॅनमध्येही थोडा गॅस उरतो.

‘मग रेल्वेने पाठवतो’ म्हणाल, तर तिथेही स्फोटक आणि ज्वलनशील सामान नेणं गुन्हाच आहे. उपाय एकच, तिथे जाऊन विकत घ्या. लेह आणि मनालीत ट्रेकिंगच्या दुकानांत कॅन मिळतात, नेपाळला जाणार असाल तर काठमांडूच्या ठमेलमध्ये मिळतात. निघायच्या आधी दुकानात फोन करून तुमच्या स्टोव्हला बसणारा कॅन आहे का, ते विचारा. फिरकीचा आणि खटक्याचा असे प्रकार असतात, ते एकमेकांना बसत नाहीत.

स्टोव्हचा नुसता बर्नर चेक-इनमध्ये जातो, पण पुसून, धुऊन, गॅसचा वास जाऊ देऊन. पेट्रोल-रॉकेलवर चालणारा स्टोव्ह असेल तर भानगड जास्त. टाकी पूर्ण रिकामी आणि कोरडी हवी, शिवाय कंपनीची परवानगी हवी. मी तर म्हणतो नकोच.

लायटर आणि काडेपेटी? घरी. तिथे दहा रुपयांत मिळते, त्यासाठी रांगेत वाद घालायचा नाही.

ऑक्सिजनचा कॅन

लडाखला निघाला की कुणीतरी काका ऑनलाइन मिळणारा ऑक्सिजनचा डबा हातात देतातच. तोही दाबाखालचा वायू आहे, सॅकमध्ये टाकू नका. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण जळणाऱ्या गोष्टीला प्रचंड बळ देतो. ११ मे १९९६ ला अमेरिकेत फ्लोरिडात एक प्रवासी विमान पडलं आणि ११० जण गेले. त्याच्या कार्गोत ऑक्सिजन तयार करणारे रासायनिक डबे चुकीच्या पद्धतीने पाठवले होते. भीती उगाच नाही.

ज्याला खरोखर वैद्यकीय कारणाने ऑक्सिजन लागतो त्याने आधी डॉक्टरांशी आणि कंपनीशी बोलावं. बाकीच्यांनी तिथे पोचून दोन दिवस आराम करावा. तो डब्यापेक्षा जास्त कामाचा.

टोचणाऱ्या, कापणाऱ्या वस्तू

ट्रेकिंग पोल, चाकू, मल्टी-टूल, तंबूच्या खुंट्या, मायक्रोस्पाइक्स, आइस ॲक्स: सगळं चेक-इन. टोकांना रबरी टोप्या लावा किंवा जुन्या मोज्यात गुंडाळा. बॅग तपासणाऱ्याचा हात कापू नये, आणि तुमचीच स्लीपिंग बॅग फाटू नये. दोरी आणि कॅराबिनरही मी चेक-इनमध्येच टाकतो.

खिशातला छोटा चाकू विसरू नका. हिप बेल्टच्या कप्प्यात राहिलेला चाकू हा ट्रेकरच्या वस्तू जप्त व्हायचा सगळ्यात जुना मार्ग आहे.

स्प्रे आणि खाऊ

डिओ, दुखण्यावरचा स्प्रे हे अंगाला लावायचे किंवा औषधी प्रकार मर्यादेत चालतात. एक डबा अर्ध्या किलोच्या किंवा अर्ध्या लिटरच्या आत आणि सगळे मिळून दोन किलो किंवा दोन लिटरच्या आत. पण बूट-जॅकेटवर मारायचा ज्वलनशील वॉटरप्रूफिंग स्प्रे त्यात बसत नाही. तो घरूनच मारून, वाळवून या. पेपर स्प्रेही नको.

आंतरराष्ट्रीय प्रवासात केबिनमधल्या द्रवाची प्रत्येक बाटली १०० मिलीच्या आत आणि सगळ्या मिळून एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत. हायड्रेशन ब्लॅडर सिक्युरिटीच्या आधी रिकामा करा, पलीकडे गेल्यावर भरा.

आणि आता आपल्या लोकांसाठी खास: सुकं खोबरं. आई गूळ-खोबरं बांधून देतेच. पण सुक्या खोबऱ्यात तेल इतकं असतं की ते साठवणीत आपोआप तापू शकतं. धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्याला चक्क क्रमांक आहे, १३६३. आपल्याकडे ते केबिन आणि चेक-इन दोन्हीकडे अडवतात. शबरीमलाच्या यात्रेकरूंना केबिनमध्ये नारळ नेता यावा म्हणून २० जानेवारी २०२५ पर्यंत खास सवलत द्यावी लागली होती, यावरून नियम किती पक्का आहे ते बघा. तेव्हा गूळ-शेंगदाणे घ्या, चिक्की घ्या, खोबरं राहू द्या. ठेचा, लोणचं, तूप चेक-इनमध्ये, दोन पिशव्यांत गुंडाळून. तेल सगळ्या कपड्यांना लागलं की दहा दिवस तुम्ही स्वतःच लोणचं.

सॅटेलाइट फोन आणि मेसेंजर: हे गंभीर आहे

तुमचा भाऊ किंवा बहीण अमेरिकेत असेल आणि सुट्टीत येऊन तुमच्याबरोबर ट्रेकला येणार असेल, तर हा परिच्छेद त्यांना पाठवा.

तिकडे डोंगरात जाताना सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारं छोटं यंत्र नेणं शहाणपणाचं समजतात. भारतात मात्र दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन आणि अशी यंत्रं बाळगणं बेकायदेशीर आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी धावपटू महिलेने असं यंत्र स्कॅनरच्या ट्रेमध्ये ठेवलं आणि तिला ताब्यात घेतलं गेलं. तिला नियम माहीतच नव्हता. इथे ‘काढून घेतील, दुसरं काय’ असं नाही, पोलीस केस होते. यंत्र तिकडेच ठेवून यायला सांगा.

वजन, पट्टे आणि कुलूप

देशांतर्गत साध्या तिकिटावर बहुतेक ठिकाणी १५ किलो चेक-इन आणि ७ किलोची एकच केबिन बॅग मिळते. ६० लिटरची सॅक केबिनमध्ये बसत नाही, प्रयत्न करू नका. जड बूट पायात घाला, जाड जॅकेट अंगात. त्यातच दीड-दोन किलो सुटतात.

सॅकचे लोंबणारे पट्टे बेल्टच्या चाकांत अडकून फाटतात. कंबरेचा पट्टा उलटा फिरवून बांधा, बाकीचे आत खोचा आणि सॅक एखाद्या स्वस्त डफल बॅगेत किंवा धान्याच्या मोठ्या पोत्यात घाला. हो, पोत्यात! मी नेतो. लोक हसतात, पण बेल्टवर माझी सॅक सगळ्यात आधी ओळखू येते.

बॅगेवर आणि आतही मोबाइल नंबर लिहा. आणि चेक-इन झाल्यापासून विमानात बसेपर्यंत फोन सायलेंटवर टाकू नका. सँडविच खाताना तर अजिबात नाही.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं

आता दोन प्रश्नांच्या पलीकडचा तिसरा प्रश्न. हा कुठल्याच नियमात नाही, लेहच्या त्या संध्याकाळी मला मिळाला: ही बॅग आलीच नाही, तर पहिली रात्र कशी काढू?

त्याचं उत्तर केबिन बॅगेत हवं. प्रत्येकाची औषधं ज्याची त्याच्या जवळ, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. एक गरम जॅकेट, टोपी, मोजे. चष्मा, ओळखपत्र, थोडी रोख रक्कम. औषधांची ‘कॉमन’ पिशवी हा प्रकार आमच्या ग्रुपमध्ये कायमचा बंद झालाय.

सायली त्यानंतरही आमच्याबरोबर ट्रेकला येते. फक्त आता विमानतळावर ती माझ्यासमोर जॅकेटचा खिसा थोपटून दाखवते. इनहेलर तिथे असतो. काही बोलत नाही, हसते फक्त. मीही मान डोलावतो आणि फोनचा आवाज वाढवतो.

निघायच्या आदल्या दिवशी तुमच्या विमान कंपनीचं सामानाचं पान एकदा नक्की उघडून बघा, नियम बदलत असतात. आणि ग्रुपमध्ये जो ‘मला सगळं माहितीये’ म्हणतो, त्याला हा भाग आधी पाठवा. तुमची काही फजिती झाली असेल तर कळवा, पुढच्या भागात एकत्र हसू. तोपर्यंत चालत राहा, श्वास सांभाळा. भेटूच!